धूळपूर आणि कारवार

दिवाळी अंक घरात आला की त्याची वाटणी होते. कथा एकीकडे जातात, विनोदी लेख मुले पळवतात, राशिभविष्य सर्वांचेच असते. टीकालेख तेवढा फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत कोणी उघडत नाही. तेव्हा वाचकांची फसगत होऊ नये म्हणून आधीच सांगतो : ह्या लेखात ज्या वाङ्मयाचा विचार केला आहे त्यात नायक-नायिका नाहीत. त्यात सुरवंट आहेत, पतंग आहेत, भुंगेरे आहेत, आणि ते कोठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडाच्या पानावर सापडले ह्याच्या नोंदी आहेत. असे लेखन वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही. ते तसे वाचले पाहिजे; आणि तसे वाचले म्हणजे आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्या निसर्गवर्णनाचा भाव बराच उतरतो, असे माझे मत आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून हे मत मांडताना मला विशेष आनंद होत आहे असे कोणी समजू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. आज तो कर्नाटकात आहे. पण कारवार, सदाशिवगड, हल्याळ, सुपे ही नावे गोव्याच्या, सावंतवाडीच्या किंवा बेळगावकडच्या मराठी माणसाला परकी नाहीत. ह्या जिल्ह्यात तीन गोरे अधिकारी एकमेकांना भेटले. डेव्हिडसन मुलकी खात्यातले, बेल जंगल खात्यातले, आणि एटकेन जकात व मीठ खात्यातले. तिघांनाही फुलपाखरांचे वेड. १८९६-९७ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मिळून उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवर एक लांबलचक लेख प्रसिद्ध केला. ही सोसायटी १८८३ साली आठ जणांनी स्थापन केली. त्या आठांत एटकेन होते, पतंगांचे जाणकार कर्नल स्विन्हो होते, आणि दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात ही दोन नावे ठळक आहेत, पण ते दोघे किडामुंगीच्या सभेलाही बसत असत हे सहसा कोणी सांगत नाही.

तिघांपैकी लेखक म्हणून नावाजला तो एटकेन. जन्म साताऱ्याचा, १८५१ चा; शिक्षण मुंबई-पुण्याचे; काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले, आणि मग मिठाच्या खात्यात शिरून खाराघोडा, उरण, कारवार, रत्नागिरी असा फिरला. ई. एच. ए. ह्या तीन अक्षरांच्या आडून त्याने पुस्तके लिहिली. १८८३ सालचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे त्यांतले पहिले गाजलेले. घरातले उंदीर, मुंग्या, कावळे, वटवाघळे म्हणजे जणू सरहद्दीवरच्या लढाऊ टोळ्या, आणि बंगल्यात बसलेला साहेब म्हणजे त्यांच्याशी सतत झुंजणारे सरकार, अशी ह्या पुस्तकाची थट्टा आहे. थट्टा उत्तम साधली आहे. शब्दकोश उशाशी घेऊन वाचावे लागले तरी हसू आवरत नाही. त्यात फुलपाखरावर एक प्रकरण आहे, आणि त्याच्या मथळ्यातच दोन गोष्टी सांगितल्या आहेत : फुलपाखराची शिकार करणे, आणि फुलपाखरांचा कळप राखणे. अळ्या घरी आणायच्या, त्यांना त्यांचा पाला घालायचा, कोष होईपर्यंत गुराख्यासारखे त्यांच्यामागे असायचे, हे राखणे. जाळीने मारलेले फुलपाखरू रंग दाखवते. राखलेली अळी सारी कहाणी सांगते. हा फरक त्याने हसत हसत दाखवला आहे.

मात्र ह्या पुस्तकातले सारे घडते ते 'डस्टीपूर' नावाच्या गावी. मराठीत आपण धूळपूर म्हणू. हे गाव नकाशावर नाही. धूळ असलेले, ऊन असलेले, जिकडे तिकडे कावळे असलेले हिंदुस्थानातले कोणतेही गाव म्हणजे धूळपूर. विनोदाला असे गाव सोयीचे असते, कारण वाचकाला तेथे काहीच ओळखावे लागत नाही. आणि मला ह्या पुस्तकाबद्दल जी तक्रार आहे ती नेमकी येथे सुरू होते.

१८९४ हे साल घ्या. त्या वर्षी एटकेनचे 'अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल' हे पुस्तक निघाले. त्याच वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात त्याने तीन पानांचे एक टिपण दिले. विषय एक लहानसे, राखी रंगाचे, कोणी वळून पाहणार नाही असे फुलपाखरू. त्याची अळी पाला खात नाही. ती झाडावरचे पिठ्या ढेकूण खाते, आणि त्यांच्याच पांढऱ्या पिठाखाली लपून राहते. तिचा कोष वरून पाहिला तर हुबेहूब वानराचे तोंड दिसते. इंग्रजीत त्या फुलपाखराचे नावही त्यावरूनच पडले आहे. एवढे अजब वर्तमान हाती असलेल्या विनोदी लेखकाने केवढा तमाशा केला असता! पण नियतकालिकातला एटकेन वेगळा आहे. तेथे त्याला प्रत्येक वाक्याचा जबाब द्यायचा आहे, कारण ते वाचणारा माणूस उद्या स्वतः झाडापाशी जाऊन अळी उलटी करून पाहणार आहे. असा वाचक समोर असला म्हणजे गद्य आपोआप सरळ होते. माझ्या मते ह्या माणसाचे उत्तम लेखन त्याच्या पुस्तकांत नाही. ते ह्या टिपणांत आहे.

ह्याची दुसरी बाजू कडू आहे. १८८९ साली त्याने 'बिहाइंड द बंगलो' लिहिले. त्यात बंगल्यामागच्या चाकरांची चित्रे आहेत : बॉय, घोडेवाला, डोमिंगो नावाचा आचारी, धोबी, आया, शिंपी, माळी, भिस्ती. एकेक प्रकरण एकेका 'जाती'वर, आणि जात हा शब्द मी येथे प्राणिशास्त्रातल्या अर्थानेच वापरतो आहे. धोबी काय करतो? कपडे दगडावर आपटून फाडतो. तो असे का करतो, कोणत्या नदीवर करतो, त्याला किती मिळते, त्याच्या घरी कोण आहे, ह्याची नोंद नाही. वानरतोंड्या कोषाला ज्याने त्याचे झाड आणि त्याचे अन्न दिले, त्याने स्वतःच्या दारातल्या माणसाला गावसुद्धा दिले नाही. मी ह्यात केवळ साहेबी तोरा पाहत नाही. हा लेखनाच्या रीतीचा दोष आहे. नोंद करण्याची शिस्त सुटली की कितीही डोळस माणूस ठोकळे करू लागतो, आणि ह्या दोषाला गोरी कातडी लागत नाही. आपल्या ग्रामीण कथांतले मास्तर, तलाठी आणि पाटील आठवून पाहावेत.

"पण यादी म्हणजे साहित्य नव्हे," असे एक विद्वान स्नेही मला म्हणाले. मी त्यांना स्थानपोथीची आठवण दिली. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, निजले ती ठिकाणे चौदाव्या शतकातल्या महानुभावांनी टिपून ठेवली : कोणते गाव, गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाचे तोंड कोणीकडे. ती यादीच आहे. पण ज्या मराठी गद्याचा आपण अभिमान बाळगतो त्याच्या पायाचे जे दगड आहेत त्यांत तिची गणना करावी लागते. "तो येथे होता" हे वाक्य लिहिणाऱ्याला त्या जागेवर प्रेम असावे लागते, आणि ते प्रेम विशेषणांनी दाखवण्याची त्याला गरज वाटत नाही.

आता कारवारच्या यादीला जमीन कशी लाभली आहे ते पाहा. एकाच जिल्ह्यात समुद्रकिनारा, खाड्या, घाटाची उतरण, माथ्यावरचे दाट रान आणि पलीकडे धारवाडकडे उघडा पडत जाणारा कोरडा मुलूख. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. हल्याळ-मुंडगोडकडे त्याच्या निम्म्याहून कमी. बैलगाडीच्या दोन-तीन मुक्कामांत झाडे बदलतात, आणि झाडे बदलली की फुलपाखरे बदलतात. फुलपाखरू पंख असूनही वाटेल तेथे जाऊन राहत नाही, हे ह्या अभ्यासाचे मर्म आहे. ते अळीच्या पोटाला बांधलेले असते. बांडगूळ नसेल तेथे पिवळ्या-तांबड्या पंखांची जेझबेल आपल्या अंड्यांचा पुंजका घालणार कोठे? ईश्वरीची वेल तोडली की पाठोपाठ गुलाबी अंगाची 'कॉमन रोझ' त्या रानातून उठते. आंब्याच्या पानावरची बॅरनची अळी मधल्या शिरेवर लांब होऊन अशी पडते की तिच्या अंगावरची पिसासारखी काटेरी झालर पानाचीच नक्षी वाटावी. दुसऱ्या पानावर ती तत्काळ उघडी पडेल. भुतकेसावरची कमांडरची अळी पान टोकाकडून खात येते, शीर तेवढी शिल्लक ठेवते, आणि तिला पानाचा चुरा व स्वतःची विष्ठा लटकवून त्या कचऱ्यात दडते. ही घराची ओढ आहे. कादंबरीकार जिला 'मातीची ओढ' म्हणून पानेच्या पाने लिहितो, तिचा पुरावा येथे एका ओळीत मिळतो : कोणते झाड, कोणते पान.

एखाद्या जातीची गावे नकाशावर टिंबांनी मांडली की कधी कधी मधेच भले मोठे रिकामे मैदान दिसते. पॅरिस पीकॉक नावाचे हिरव्या झगमगाटाचे फुलपाखरू हिमालयाच्या कुशीत आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहे, आणि मग एकदम पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात. मधल्या मुलखातून ते गेले कसे? असेच कोडे डोंगरी ओढ्यांतल्या माशांबद्दल पडले होते, आणि १९४९ साली सुंदरलाल होरा ह्यांनी असे सुचवले की एके काळी सातपुड्याच्या ओल्या डोंगररांगेने पुलाचे काम केले असावे. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले. वाद चालू राहो. मला त्यातली गंमत एवढीच वाटते की सातपुड्याच्या इतिहासाबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकार एका फुलपाखराच्या गावठाणाच्या नोंदीने मिळतो.

तिघांपैकी बेल मला सर्वांत थोर वाटतो, आणि त्याला सर्वांत कमी माणसे ओळखतात. त्याच्या लेखनात विनोद औषधालाही नाही. १९०९ पासून १९२७ पर्यंत त्याने मैदानी मुलखातल्या सामान्य फुलपाखरांवर एक लेखमाला चालवली. 'सामान्य' हा शब्द महत्त्वाचा. दुर्मिळाच्या मागे सगळेच धावतात. आपल्या परसातल्या लिंबावरची, कढीपत्त्यावरची अळी अंगभर मोजून लिहिणारा विरळा. अंडे कसे, अळीच्या अंगावर कोणत्या वळ्याला कोणता ठिपका, कोष कोणत्या बाजूने टांगलेला, असे तो न कंटाळता लिहीत जातो. वाचणारा कंटाळतो हे मी नाकारत नाही. पण दहा पाने वाचून झाल्यावर अंगणात जावे आणि तीच अळी दिसावी, असा अनुभव कोणत्या कादंबरीने दिला आहे? १९२० साली तो निवृत्त झाला, विलायतेला परत न जाता कारवारलाच राहिला, आणि १९४८ साली तेथेच वारला. मधल्या काळात, १९३७ साली, मेजर स्कॉटच्या जोडीने त्याने मोठ्या शिंगवाल्या अळ्यांच्या पतंगांवर, म्हणजे हॉकमॉथांवर, जाडजूड ग्रंथ लिहिला. तिळाच्या शेतात बोटभर जाडीची, शेपटीवर शिंग असलेली अळी शेतकऱ्याने पाहिलेली असते. तिचा पतंग होतो त्याच्या पाठीवर कवटीसारखे चित्र असते आणि पकडला तर तो चीं-चीं ओरडतो. भुंगेऱ्यांतही बेलला गती होती. त्याने कानड्यात गोळा केलेले भुंगेरे अँड्र्यूज ह्या तज्ज्ञाच्या हाती गेले, आणि काहींच्या शास्त्रीय नावात बेल अजून जिवंत आहे.

ह्या मंडळींत शाळामास्तर किती निघतात हे मी अर्थातच मोजत होतो. जगभरच्या अगदी चिमुकल्या पतंगांच्या चौदा हजारांहून अधिक जातींचे वर्णन करणारा एडवर्ड मेरिक इंग्लंडमधल्या एका शाळेत शिकवत असे. १९५७ साली भारतीय फुलपाखरांचा ज्याचा ग्रंथ निघाला, आणि ज्यावर दोन पिढ्या शिकल्या, तो विंटर-ब्लाइथ राजकोटच्या राजकुमार कॉलेजचा प्राचार्य होता. त्याचे पुस्तक बेलइतके खोल नाही. पण नवख्याला हात धरून नेण्याची मास्तरी हातोटी त्यात आहे, आणि ती हातोटी काही सर्वांना जमत नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या ललित वाङ्मयात फुलपाखरू भरपूर आहे. ते बागडते. ते कोणते, कोठले, कशावर वाढलेले, हे विचारायचे नाही. ते धूळपूरचे फुलपाखरू आहे. पतंगाची तऱ्हा आणखी वाईट. फारसीतून आलेली ज्योत आणि तिच्यावर जीव ओवाळणारा पतंग आपण इतक्या वेळा उसना घेतला की व्याजासुद्धा तो परत करण्याची वेळ आली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या किड्यांचे उड्डाण टिपले. त्यात दिसले ते असे : रात्री उडणारा कीटक पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण मोकळ्या रानात उजेड वर, आभाळाकडे असतो. शेजारी दिवा आला की तो त्या दिव्याकडे पाठ करू पाहतो, कलंडतो, आणि गरगर फिरत अडकून पडतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणतीपाशी हे स्वतः पाहता येईल. मला तर प्रेमापेक्षा ही हकीगत जास्त करुण वाटते. आभाळ कोणते हे न कळल्यामुळे मरणारा जीव! पण तो कवीच्या दृष्टीस पडण्यासाठी आधी कोणीतरी मोजमाप करावे लागले.

हे आपल्या परंपरेत नव्हते असे मात्र नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत अडकतो असा दृष्टांत आहे. कोरडे लाकूड पोखरणारा काळा भुंगा खरोखरच असतो. तो मधमाशीच्या गोतातला आहे, घराच्या वाशांना भोके पाडताना सर्वांनी पाहिला आहे. दृष्टांताचा अर्धा भाग डोळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून उरलेला अर्धा आपण विश्वासाने घेतो.

आणि शेतकऱ्याची भाषा पाहा. बोंडअळी, घाटेअळी, शेंडेअळी, खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी, नारळावरचा गेंड्या भुंगा, उसाच्या मुळांवरची हुमणी. प्रत्येक नावात झाड किंवा झाडाचा अवयव किंवा करणीच सांगितली आहे. बेलची सारी पद्धत ह्या शब्दांत आधीच बसलेली आहे. फरक इतकाच की शेतकऱ्याने नाव ठेवले ते नुकसान करणाऱ्याचे. रानातल्या निरुपद्रवी जिवांना नावे ठेवायला त्याला सवड नव्हती. कोठे काय पसरले आहे ह्याची नोंद त्याच्यासाठी चैनीची नाहीच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस पोखरला. २०१८ साली अमेरिकेकडची लष्करी अळी कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यावर आली. पाहुणी कोण, हे ओळखायला घरची माणसे आधी माहीत असावी लागतात.

इंग्रजांनी फुलपाखरांना नावे दिली तीही पाहण्यासारखी आहेत : कमांडर, सार्जंट, बॅरन, ड्यूक, नबाब, राजा. साऱ्या रानाची त्यांनी दरबारी यादी केली. महाराष्ट्र राज्याने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, तेव्हा 'राणी पाकोळी' हे नाव कानावर आले. पुढे जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने मराठी नावांची मोठी यादी झाली, तीत त्याचे 'नीलवंत' झाले. नीलवंत देखणे नाव आहे, तोंडात बसतेही. तरी माझे मत पाकोळीकडे झुकते. हा शब्द कोठे फुलपाखराला, कोठे पाखराला, कोठे लहान वटवाघळाला लावतात, म्हणून शास्त्राला तो चालणार नाही, हे कळते. पण त्याला ओसरीचा वास आहे, आणि नीलवंताला समितीचा.

आजच्या अभ्यासकांत मराठी नावे पुष्कळ आहेत ही मोठी समाधानाची गोष्ट. कृष्णमेघ कुंटे ह्यांचे द्वीपकल्पातल्या फुलपाखरांवरचे पुस्तक २००० साली आले, आयझॅक किहिमकरांचा मोठा ग्रंथ २००८ साली. कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की कॉमन मॉर्मनची मादी त्या विषारी 'कॉमन रोझ'चे जे सोंग घेते, त्या सोंगाची सूत्रे एकाच जनुकाच्या हाती आहेत. ही मादी आपल्या कढीपत्त्यावर अंडी घालते. म्हणजे एवढा मोठा शोध भाजीच्या फोडणीपासून हातभर अंतरावर होता. दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत, ही मात्र मनाला लागणारी गोष्ट आहे.

हल्ली मोबाइलवर छायाचित्र काढले की तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. जागेची नोंद इतकी स्वस्त कधीच नव्हती, आणि काळी नदीवर सुपे, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणे झाल्यावर कारवारच्या जुन्या यादीची किंमत आपल्याला कळायला हरकत नाही. जो काठ पाण्याखाली गेला त्याच्या आधीची ती साक्ष आहे. पण छायाचित्रात झाड बहुधा नसते. पंख पसरलेले फुलपाखरू असते आणि मागे धूसर हिरवा रंग. धूळपूरची हिरवी आवृत्ती म्हणा.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी सातवीच्या मुलांना मोबाइल घरी ठेवायला सांगून वह्या दिल्या. निबंध नको, उपमा नको. झाड, जागा, वार आणि काय दिसले एवढेच. बहुतेकांनी दोन दिवसांत 'सुंदर' हा शब्द घुसवलाच. एका मुलीची वही तेवढी मी ठेवून घेतली आहे. तीत एका पानावर आहे : "विहिरीजवळची रुई. सोमवार. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या चार. मंगळवार. तीन. बुधवार. पाऊस, गेले नाही. गुरुवार. दोन, आणि पानाखाली एक हिरवा कोष. एक अळी कुठे गेली ते शोधले, सापडली नाही. उद्या परत बघणार."